आधी हिमालय, मग थार

गुरुग्रामहून दुचाकीवर एकट्याने निघायचे, श्रीनगर आणि कारगिलमार्गे लेह गाठायचे, मनालीच्या बाजूने खाली उतरायचे आणि पंजाब ओलांडून थारच्या वाळवंटातून परत यायचे, ही फेरी साडेतीन ते चार हजार किलोमीटरची होते. दिल्लीच्या आसपासचे दुचाकीस्वार हे दोन्ही प्रदेश पाहतात, पण वेगवेगळे: लडाख उन्हाळ्यात, राजस्थान हिवाळ्यात. दोन्ही सलग जोडणारे थोडे, आणि अडचण असते ती ऋतूंची. मनाली-लेह रस्ता बर्फ हटवल्यावर साधारण मे-जूनमध्ये खुला होतो. त्याच सुमारास वाळवंट भाजून निघत असते. फलोदी गावात १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली, ती देशातील विक्रमी ठरली. जुलै-ऑगस्टमध्ये जम्मू आणि हिमाचलातले डोंगर रस्त्यावर येतात; जुलै २०२३ च्या पुरात बियास नदीने मनालीकडचा महामार्ग जागोजागी गिळला होता. डिसेंबर-जानेवारी राजस्थानसाठी उत्तम, पण तेव्हा बारालाचा खिंड बर्फाखाली असते.

उरतो तो सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा महिना. पश्चिम राजस्थानातून मोसमी पाऊस १७ सप्टेंबरच्या सुमारास माघार घेऊ लागतो आणि पुढच्या दिवसांत हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आकाश निवळते. या महिन्यात डोंगर दिवसेंदिवस गारठत जातो आणि वाळवंट दिवसेंदिवस निवत जाते. म्हणून क्रम आधी हिमालयाचा आणि मग थारचा. उलट जाणारा दोन्हीकडे फसतो: सप्टेंबरच्या उन्हात जैसलमेर आणि ऑक्टोबरच्या हिमवर्षावात बारालाचा.

ही दोन टोके दिसायला परकी, स्वभावाने मात्र जवळची आहेत. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला त्याच्या दुप्पट. लडाख हेही वाळवंटच, फक्त थंड. नुब्रा खोऱ्यात हुंदरला वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांवर दोन वशिंडांचे उंट चरतात. एका वशिंडाचा उंट पुढे बिकानेर-जैसलमेरकडे भेटतो. दोन्हीकडे गावे विरळ, सावली नाही, हवा कोरडी आणि पेट्रोल दूर. त्यामुळे एकट्या स्वाराला दोन्हीकडे तोच हिशेब मांडावा लागतो: पाणी किती, पेट्रोल किती, उजेड किती उरला.

निघण्याचे ठिकाण म्हणून गुरुग्रामला स्वतःचा अर्थ आहे. हीरो होंडाचा पहिला कारखाना १९८५ मध्ये इथून जवळच धारूहेड्याला सुरू झाला आणि सीडी १०० तिथून बाहेर पडली. पुढे मानेसरला होंडा आली, खेडकी दौल्याला सुझुकी. दिल्ली-जयपूर रस्त्याच्या या पट्ट्यात दुचाकीचा सुटा भाग मिळत नाही असे सहसा होत नाही, आणि लांबच्या प्रवासाआधी गाडी उघडून पाहायला यापेक्षा सोयीची जागा उत्तरेत क्वचितच सापडेल. मराठी वाचकासाठी आणखी एक धागा: हा परिसर दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातून इंग्रजांकडे गेला तो ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने, आणि तो तह झाला आपल्या अमरावती जिल्ह्यात.

महाराष्ट्रातले स्वार इथे दोन प्रकारे पोचतात. काही जण राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून मुंबईहून गाडी चालवत येतात. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने जुनाच महामार्ग घ्यावा लागतो. बरेच जण गाडी रेल्वेच्या पार्सलने दिल्लीला धाडतात. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची प्रत आणि ओळखपत्र द्यावे लागते, आणि आरसे व इंडिकेटर गोणपाटात नीट गुंडाळले आहेत ना हे स्वतः उभे राहून पाहावे लागते. गाडी उतरवून घेतली की गुरुग्राममधल्या नोकरदार मित्राच्या घरी एक रात्र, आणि पहाटे चारला प्रस्थान. पहाटेचा आग्रह दिल्लीच्या वाहतुकीमुळे आहे. शहर सूर्योदयापूर्वी मागे टाकले नाही तर पहिल्याच दिवशीची ताकद सिग्नलवर खर्च होते.

एकट्याच्या सामानाचा नियम सोपा आहे: जे स्वतःला रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येत नाही, त्याचे हत्यार नेऊन उपयोग नाही. ट्यूबलेस टायरसाठी पंक्चरची किट आणि छोटा हवा भरण्याचा पंप, जादा क्लच केबल, ब्रेक आणि क्लचच्या दांड्या, चेन लिंक, फ्यूज, स्पार्क प्लग, चेन लूब. अनुभवी स्वार जादा क्लच केबल पिशवीत न ठेवता चालू केबलच्या शेजारून आधीच ओढून ठेवतात, म्हणजे तुटल्यावर टाकी न काढता टोके बदलली की झाले. गाडी कोणती यावर रात्र रात्र वाद चालतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२३ पासून ती ४५० सीसीच्या इंजिनाने मिळते. हीरोची एक्सपल्स हलकी आहे. चाकणला तयार होणारी केटीएमची ३९० ॲडव्हेंचर वेगवान. या तिघींपैकी कुठलीही चालेल. एकट्या माणसाला मात्र एक कसोटी लावावीच लागते: सामानासकट आडवी पडलेली गाडी त्याला एकट्याला उचलता आली पाहिजे. ती घरापाशी, सपाट जमिनीवर करून पाहायची, कारण चार हजार मीटरवर निम्मी ताकदही हाताशी नसते.

पहिला टप्पा राष्ट्रीय महामार्ग ४४ चा, म्हणजे जुन्या ग्रँड ट्रंक रोडचा. गुरुग्रामपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत पानिपत लागते. शहराबाहेरच्या काला आंब येथील स्मारकाशी मराठी स्वार थांबत नाही असे क्वचित घडते. १४ जानेवारी १७६१ ची तारीख कुणाला सांगावी लागत नाही. दिल्लीपासून तिथवरचे अंतर आज दीड-दोन तासांत कापले जाते, आणि उपाशी फौज इथे अडकून पडली होती ही गोष्ट त्या रुंद रस्त्यावर अधिकच बोचते. पुढे अंबाला, लुधियाना, जालंधर, पठाणकोट, जम्मू. मैदानी भागात दिवसाला चारशे-साडेचारशे किलोमीटर पुरेत. त्याहून जास्त करणारा डोंगरात दमलेला शिरतो.

जम्मूहून श्रीनगरला जाताना दोन बोगद्यांनी रस्ता बदलून टाकला आहे: चेनानी-नाशरीचा सव्वानऊ किलोमीटरचा बोगदा एप्रिल २०१७ मध्ये, आणि काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा २०२१ मध्ये खुला झाला. मधला रामबनचा पट्टा अजून दरडींचा आहे, तिथे एखादा दिवस हाताशी राखून ठेवावा. सोनमर्गच्या अलीकडचा झेड-मोड बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. त्यानंतर मात्र सुमारे साडेतीन हजार मीटरवरची झोजी खिंड अजून चाकांनीच चढावी लागते. तिच्याखालच्या बोगद्याचे काम चालू आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये ट्रकांनी मळलेला चिखल. खिंड ओलांडताच हिरवळ संपते आणि द्रासपासून लडाखचा उघडा डोंगर सुरू होतो.

लेहला मनालीकडून न जाता श्रीनगरकडून जावे, या सल्ल्यामागे शरीराचे कारण आहे. श्रीनगर सोळाशे मीटरवर, द्रास सव्वातीन हजारांच्या जवळ, कारगिल पुन्हा खाली पावणेतीन हजारांच्या आत. फोटू खिंडीत रस्ता ४,१०८ मीटरवर जातो, पण तिथे मुक्काम नसतो. लेह साडेतीन हजारांवर. म्हणजे झोपण्याची उंची हळूहळू वाढते आणि शरीराला सवय लागते. मनालीकडून निघालेला स्वार दुसऱ्याच रात्री सरचूला ४,२९० मीटरवर झोपायला जातो, आणि लेहच्या रस्त्यावर उंचीचा त्रास झालेल्यांच्या कहाण्या बहुधा तिथूनच सुरू होतात.

हा त्रास एकट्याला अधिक धोक्याचा असतो, आणि या संपूर्ण प्रवासात गांभीर्याने घ्यावी अशी हीच पहिली गोष्ट. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही आरंभीची लक्षणे. त्यापुढे दोन वाटा फुटतात: फुप्फुसात पाणी साचले तर बसल्या जागी धाप आणि खोकला, मेंदूला सूज आली तर तोल जाणे आणि बोलण्यात घोटाळा. दुसऱ्या प्रकारात रोग्याला आपण बिघडलो आहोत हेच कळत नाही. सोबती असला तर तो ओळखतो. एकट्याने म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी ढाबेवाल्याला किंवा शेजारच्या तंबूतल्या माणसाला आधीच सांगून ठेवावे, की सकाळी मी उठलो नाही किंवा भलते बोललो तर मला खाली न्या. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालून पाहण्याची चाचणी कुणासमोरही करता येते. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी. खरा उपाय उंची कमी करणे हाच. लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही. सोनम नोरबू स्मृती रुग्णालय शहरातच आहे, आणि शंका आली तर तिथे जाण्यात कमीपणा नाही.

लेहहून खार्दुंग खिंड, नुब्रा आणि पँगाँग ही फेरी बहुतेक जण करतात. खार्दुंगच्या फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते. मोजमापाने ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. खरी उंची त्याहून किती तरी जास्त आहे ती उमलिंग खिंडीची, १९,०२४ फूट. तिथवर सीमा सडक संघटनेने रस्ता नेला आणि २०२१ मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली. पँगाँगच्या काठी २६ डिसेंबर २०२४ पासून छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा आहे, त्यामुळे मराठी स्वारांचा ओढा तिकडे वाढला आहे. बाहेरून भाड्याने आणलेली दुचाकी लेहच्या स्थानिक मार्गांवर चालवू दिली जात नाही, तिथे लेहमधूनच गाडी घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरची गाडी चालते. इतर राज्यांतले प्रीपेड सिम लडाखमध्ये सहसा बंद पडते, पोस्टपेड चालते. घरच्यांना ही गोष्ट आधी सांगितली नाही तर विनाकारण हलकल्लोळ होतो.

आता उतरणीचा, म्हणजे लेह-मनालीचा रस्ता. अटल बोगद्याने तो ४६ किलोमीटरनी आखूड केला. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड टाळतो. पेट्रोलचा हिशेब मात्र जुनाच आहे. तांदीच्या पंपावरची पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी स्वारांत प्रसिद्ध आहे. लेहहून येताना शेवटची टाकी कारूला भरायची, त्यानंतर केलाँग-तांदीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या वर पंप नाही. पंधरा लिटरची टाकी आणि लिटरला तीस किलोमीटर असे धरले तर साडेचारशे किलोमीटर निघतात, पण चढावर आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ते बरेच घटतात. पाच लिटरचे जादा पेट्रोल बरोबर असावे.

इंजिनालाही उंची जाणवते. तांगलांग खिंडीत, ५,३२८ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तितकाच प्राणवायू सिलिंडरमध्ये शिरतो आणि ताकद त्या प्रमाणात पडते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या इथे पेट्रोल जास्त पिऊन काळा धूर सोडायच्या. एप्रिल २०२० पासून बीएस ६ प्रदूषण-निकष लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शन आले, ते हवेनुसार पेट्रोल कमी करते. ताकद परत येत नाही, पण गाडी गुदमरत नाही. टायरचा हिशेब फारच थोड्यांच्या ध्यानात येतो. लेहला पंपावर तीस पीएसआय हवा भरलेला टायर पंजाबात उतरल्यावर पंचविसाच्या आसपास दाखवतो. हवा गळालेली नसते. बाहेरच्या हवेचा दाब वाढलेला असतो. खाली उतरल्यावर पहिल्याच पंपावर हवा तपासली नाही तर मऊ टायर तापतो आणि वळणावर गाडी हेलकावे खाते.

तांगलांगनंतर मोरे मैदान, ४,७०० मीटरवरचे चाळीसेक किलोमीटर सपाट माळरान. मग पांग, लाचुलुंग खिंड, गाटा लूप्सची २१ वळणे, सरचू. लेहची सवय झालेल्याला पांगला मुक्काम झेपतो, पण सप्टेंबरच्या अखेरीस तंबू आणि ढाबे आवरू लागतात, तेव्हा कोण उघडे आहे याची चौकशी लेहमध्येच करावी. बारालाचा दुपारपूर्वी ओलांडावी. याला कारण नाले. बर्फ उन्हाने वितळते, ते पाणी दुपारनंतर रस्त्यावर येते. सकाळी घोट्याएवढा असलेला प्रवाह चार वाजता गुडघ्याला लागतो.

नाला ओलांडण्याची रीत ठरलेली आहे. आधी थांबायचे. समोरून ट्रक येत असेल तर त्याची चाके कुठपर्यंत बुडतात आणि कुठे उसळतात ते पाहायचे. ट्रकाच्या चाकोरीत तळ दाबलेला असतो, मधल्या पट्ट्यात गोटे. ट्रक नसेल तर बूट-मोजे न काढता पायी पाण्यात उतरून तळ चाचपायचा. पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, क्लचला हात नाही, पुढच्या ब्रेकला तर नाहीच. नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर. वाहते पाणी पाहिले की हात आपोआप प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि गाडी तिकडेच जाते. मध्येच इंजिन बंद पडले तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. हवेच्या वाटेने पाणी आत गेले असेल तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड कायमचे जातात. गाडी ढकलत काठाला आणायची, एअर फिल्टर उघडून पाहायचे. इथे एकट्याला माणसे लागतात, आणि ती मिळतात. लेहच्या रस्त्यावर अडलेल्या स्वाराला सोडून जाणारा ट्रकवाला दुर्मीळ.

आणि हा रस्ता राखणारी माणसे कोण, हेही या लेखात आलेच पाहिजे. सीमा सडक संघटनेची स्थापना ७ मे १९६० ची. लडाखमधले तिचे काम मुख्यतः हिमांक आणि विजयक या प्रकल्पांकडे, हिमाचलातले दीपककडे. रस्त्यावर हातात फावडे घेऊन उभे असलेले मजूर मात्र बहुतांशी दूरच्या सखल मुलखातले असतात, विशेषतः झारखंडच्या दुमका भागातले संथाळ. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात त्यांना रस्त्याच्या कामावर नेण्यासाठी दुमकाहून खास रेल्वेगाडी सुटली होती. तोंडाला फडके बांधून, तापलेल्या डांबराच्या धुरात आणि पाच हजार मीटरच्या थंडीत ही माणसे खडी पसरतात. एकट्याने लडाख केले असे म्हणताना स्वार ज्या रस्त्यावर चाक टेकवतो, तो दरवर्षी बर्फाखालून पुन्हा घडवणारे हजारो हात त्याच्या सोबतीला असतात. त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करणे आणि अंगावर धूळ न उडवणे, एवढे तरी त्यांचे देणे लागते.

मनाली, मंडी, किरतपूर साहिब, लुधियाना, मोगा, मुक्तसर, अबोहर. या टप्प्यात थांबून गाडीची सर्व्हिस करावी: ब्रेक पॅड, चेन, एअर फिल्टर, तेल. पंजाबी मेकॅनिक काम झटपट करतात. जाड जाकीट पिशवीत जाते, जाळीचे बाहेर येते.

श्रीगंगानगरपासून वाळवंट सुरू होते असे नकाशा म्हणतो, डोळ्यांना मात्र कापूस आणि किन्नूच्या बागा दिसतात. १९२७ ची गंग कालव्याची योजना आणि त्यानंतरचा इंदिरा गांधी कालवा यांनी हा भाग हिरवा केला. इंदिरा गांधी कालव्याची पायाभरणी ३१ मार्च १९५८ रोजी झाली. हरिके बंधाऱ्यातून निघालेले सतलज-बियासचे पाणी ६४९ किलोमीटर चालत जैसलमेर जिल्ह्यात पोचते. ज्या बियासचा उगम रोहतांगपाशी आहे आणि जिच्या काठाने स्वार मनालीहून उतरला, तिचेच पाणी वाळूत त्याच्या शेजारून वाहत असते. या प्रवासाचे दोन भाग एका पाण्याने जोडलेले आहेत, आणि ते पाहण्यासाठी तरी दोन्ही सलग करावेत.

इथून दोन वाटा आहेत. सूरतगढवरून बिकानेरला जाणारा महामार्ग ६२ रुंद, ढाब्यांचा आणि सुरक्षित. सीमेला समांतर जाणारा ९११ अनूपगढ, रणजितपुरा, नोखवरून बापला महामार्ग ११ ला मिळतो. तो ओसाड आहे. एकट्याने तो घ्यायचा तर पहाटे निघून, टाकी भरून, निदान पाच लिटर पाणी बरोबर घेऊनच. वाऱ्याने रस्त्यावर ओढलेल्या वाळूच्या जिभा दुरून डांबरासारख्याच दिसतात. त्यांवर ब्रेक मारला की पुढचे चाक सरकते. थ्रॉटल सोडून, गाडी सरळ ठेवून, अंग सैल सोडून पार व्हायचे. अंधार पडल्यावर गाडी चालवूच नये. उंट, गाई आणि नीलगाय रस्त्यावर येतात. उंटाचे पाय लांब असल्याने हेडलाइटच्या झोतात त्याचे धड दिसतच नाही.

ऑक्टोबरातही दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो. कोरड्या वाऱ्यात घाम लगेच उडतो, त्यामुळे अंगातले पाणी कमी झाल्याचे समजत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, मधूनमधून ओआरएस. जाकिटाच्या आतला बनियन भिजवून घातला तर अर्धा तास गारवा राहतो.

फलोदीजवळ खीचन गावी याच दिवसांत मध्य आशियातून करकोचे येऊ लागतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे टाकत आले आहेत, आणि जून २०२५ मध्ये या जागेला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पुढे रामदेवरा हे तीर्थक्षेत्र; भाद्रपदात हा रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, आश्विनात मोकळा. पोखरणजवळ १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८ चे अणुस्फोट झाले. ११५६ मध्ये वसलेले जैसलमेर, आणि तिथून रामगढमार्गे तनोट व लोंगेवाला, जिथे ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री शंभर-सव्वाशे जवानांनी पाकिस्तानी रणगाडे थोपवून धरले. लोंगेवालाचा रस्ता सरळ, गुळगुळीत आणि झोप आणणारा आहे. तासाभराने उतरून पाय मोकळे करावेत.

एकट्याने अशा वाटा धरणाऱ्यांत बायकांची संख्या वाढते आहे. पुण्याच्या रमिला लटपटे मार्च २०२३ मध्ये नऊवारी नेसून दुचाकीवर एकट्याच जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा महाराष्ट्रात त्याचे मोठे कौतुक झाले. कौतुकाइतकीच गरज सोयींची आहे. थारमधल्या आणि लेह-मनालीवरच्या लांब पट्ट्यांत स्वच्छ स्वच्छतागृह मिळणे अजून नशिबावर असते, आणि या एका कारणाने अनेक जणी पाणी कमी पितात. वाळवंटात आणि उंचीवर दोन्हीकडे ते घातक आहे.

परतीला महामार्ग ११: बिकानेर, रतनगढ, फतेहपूर, मंडावा, झुंझुनू, नारनौल, रेवाडी. शेखावाटीत हवेल्यांच्या रंगवलेल्या भिंती पाहायला अर्धा दिवस द्यावा. नारनौलच्या दक्षिणेला पाटण येथे २० जून १७९० रोजी महादजी शिंद्यांच्या फौजेने राजपूत आणि मोगल सरदार इस्माईल बेग यांचा पराभव केला होता. रेवाडीच्या पुढे अवजड ट्रक आणि कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची गर्दी लागते, आणि लांब प्रवासातले अपघात शेवटच्या शंभर किलोमीटरांत होतात ते घर जवळ आल्याच्या घाईने. संध्याकाळी नारनौलला पोचलेल्याने तिथेच खोली घ्यावी, चेन पुसून तेल द्यावे, आणि उरलेले अंतर सकाळच्या उजेडात कापावे.